सीमेपलीकडची १९६० सालची बीएसए रीतसर कागदपत्रांनिशी आणायची आहे: मार्गदर्शन हवे

जुनं_लोखंड यांचा प्रश्न

नमस्कार.

बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर मला हवी होती ती मोटारसायकल सापडली आहे, परंतु ती दुसऱ्या देशात आहे. बीएसए या जुन्या ब्रिटिश कंपनीची ए१० गोल्डन फ्लॅश, ६४६ सीसी, दोन सिलिंडरांची. नोंदणी पुस्तिकेत निर्मितीचे वर्ष १९६० असे लिहिले आहे. मूळ मालक काही वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून गाडी छपराखाली झाकून ठेवलेली आहे. त्यांची मुलगी ती विकायला तयार आहे, किमतीवरही आमचे एकमत झाले आहे, मात्र मी अद्याप एक पैसाही दिलेला नाही. देण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले.

पहिली शंका क्रमांकांविषयी आहे. चेसिसवरचा क्रमांक आणि इंजिनवरचा क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय चेसिसचा क्रमांक 'जीए७' या अक्षरांनी सुरू होतो. गाडी ए१० असेल तर चेसिस ए७ चे कसे? कोणी दोन गाड्यांची मिळून एक तर केलेली नाही ना? दुसरी शंका मालकीची, कारण नोंदणी अजून दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे आणि विक्रेतीकडे मृत्यूच्या दाखल्याखेरीज दुसरे काही नाही.

तिसरी गोष्ट अशी की, विक्रेतीच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराने गाडी खोलून तीन खोक्यांत 'जुने सुटे भाग' म्हणून पाठवण्याचे आणि बीजकावर निम्मीच रक्कम लिहिण्याचे सुचवले आहे. हे मला पटलेले नाही, पण यात नेमके कोठे अडकायला होईल हे मला त्यांना सांगता आले नाही. चौथे म्हणजे माझा एक मित्र ठामपणे म्हणतो की एवढा खटाटोप कशाला, 'कार्ने' (गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याचा कागद) काढ आणि स्वतः चालवत घेऊन ये. हा मार्ग खरोखरच खुला आहे का?

मला गाडी आणून ती माझ्या नावावर नोंदवायची आहे आणि अधूनमधून रस्त्यावर चालवायची आहे. शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवायची नाही.

तेलकट_हात यांचा प्रतिसाद

मी कागदांचा माणूस नाही, त्यामुळे केवळ लोखंडाविषयी लिहितो. तेवढे तरी खात्रीने लिहिता येईल.

आपली पहिली शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर दिलासा देणारे आहे. त्या काळात बीएसएच्या कारखान्यात चेसिस आणि इंजिन यांच्यावर स्वतंत्र क्रमांक ठोकले जात, आणि ते एकमेकांशी जुळावेत अशी अपेक्षाच नव्हती. म्हणजे आपल्या गाडीवर दोन वेगळे क्रमांक असणे हेच स्वाभाविक आहे. उलट एखाद्या ए१० वर दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक आढळला, तर मी भुवया उंचावेन. 'ए७' चे कोडेही असेच सुटते. ए७ ही त्याच घराण्यातील ४९७ सीसीची धाकटी बहीण. दोघींना एकाच जातीचे चेसिस असे आणि त्यावर ए७ चीच अक्षरे असत. इंजिनाच्या क्रमांकात मात्र 'ए१०' असायला हवे, आणि आपल्या गाडीच्या काळाला 'डीए१०' ही सुरुवात शोभून दिसेल. तो क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, सिलिंडरच्या बुडाखाली सापडेल.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, बंदरावरच्या अधिकाऱ्यालाही हीच शंका येणार आहे. त्याच्या डोळ्यांना १७ अक्षरांच्या आधुनिक व्हीआयएनची, म्हणजे वाहन ओळख क्रमांकाची, सवय असते. तो क्रमांक ठरावीक रचनेत येऊ लागला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची आपापली रीत होती. हार्ले-डेव्हिडसनच्या १९६९ पर्यंतच्या गाड्यांच्या चेसिसवर तर ओळख क्रमांकच नसे, फक्त इंजिनावर असे. त्यामुळे 'चेसिस क्रमांक' या रकान्यापुढे बसलेला माणूस अशा गाडीसमोर गोंधळून जातो, यात त्याचा फारसा दोष नाही.

यावरचा उपाय म्हणजे कारखान्याच्या नोंदीचा दाखला. बीएसएच्या कारखान्यातून गाड्या रवाना झाल्याच्या जुन्या नोंदवह्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लबने जतन केल्या आहेत. हा क्लब १९४६ सालापासून याच कामात आहे. आपण दोन्ही क्रमांक कळवले आणि शुल्क भरले, की त्या वहीच्या आधारे दाखला मिळतो. त्यातून रवानगीची तारीख कळली, तर नोंदणी पुस्तिकेतील '१९६०' हे साल निर्मितीचे आहे की पहिल्या नोंदणीचे, याचाही उलगडा होईल. जुन्या पुस्तिकांमध्ये या दोहोंची गल्लत नेहमी होते.

जाता जाता एक सूचना. अर्जांमध्ये 'व्हिंटेज' हा शब्द लिहून निश्चिंत होऊ नका. जुन्या मोटारसायकलींच्या ब्रिटिश परिभाषेत १९१५ पूर्वीच्या त्या 'व्हेटरन' आणि १९१५ ते १९३० मधल्या त्या 'व्हिंटेज'. त्या हिशेबाने आपली गोल्डन फ्लॅश व्हिंटेज नाहीच. प्रत्येक देशाच्या कायद्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. आपण गाडीचे साल लिहावे आणि विशेषण अधिकाऱ्यावर सोडावे.

शेवटी, क्रमांक स्वच्छ दिसावा म्हणून विक्रेतीने किंवा तिच्या ओळखीच्या कोणी त्यावर सँडपेपर अथवा वायरब्रश मुळीच फिरवू नये, हे तिला आजच कळवा. मऊ ब्रश आणि थोडे रॉकेल पुरे आहे. घासल्यामुळे पुसट झालेला क्रमांक आणि खाडाखोड केलेला क्रमांक यांत तपासनीसाला फरक दिसत नाही. नंतर त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यायला सांगा आणि तिरप्या उजेडात छायाचित्र काढायला सांगा.

बंदरकाठ यांचा प्रतिसाद

मी बरीच वर्षे क्लिअरिंगच्या, म्हणजे सीमाशुल्कातून माल सोडवण्याच्या कामात आहे. वरील प्रतिसाद अचूक आहे. त्याच धाग्याला कागदांची बाजू जोडतो. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण धोका तेथेच आहे. जगातील बहुतेक देश मालाचे वर्गीकरण हार्मोनाइज्ड सिस्टिमनुसार करतात. त्या पद्धतीच्या अर्थनिर्णयाच्या नियमांपैकी नियम २(अ) असे सांगतो की, एखादी वस्तू सुटी करून किंवा न जोडता आणली तरी तिचे वर्गीकरण संपूर्ण वस्तू म्हणूनच होते. इतकेच नव्हे, तर अपुरी वस्तूसुद्धा, तिच्यात पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप उतरले असेल, तर पूर्ण वस्तूच मानली जाते. चेसिस, इंजिन, चाके आणि टाकी अशी तीन खोक्यांत विभागून आणलेली मोटारसायकल म्हणजे मोटारसायकलच. तिला 'जुने सुटे भाग' म्हणणे ही खोटी घोषणा ठरते, आणि मग दंड आणि जप्ती हे दोन्ही दरवाजे उघडतात. समजा कोणाच्याही नजरेस न येता ती खोकी सुटली, तरी आपला मूळ हेतू फसतोच, कारण नोंदणी कार्यालय 'आयात झालेल्या वाहनाचा' सीमाशुल्काचा कागद मागेल आणि आपल्याकडे कागद असेल तो सुट्या भागांचा. त्या गाडीला जन्मभर नंबर मिळणार नाही.

निम्म्या रकमेच्या बीजकाचेही तसेच. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार सीमाशुल्काचा पहिला आधार म्हणजे प्रत्यक्षात दिलेली किंवा द्यावयाची किंमत. अधिकाऱ्याला त्या आकड्याविषयी संशय आला तर तो खुलासा मागू शकतो, आणि खुलासा पटला नाही तर करारातील पुढच्या पद्धतींकडे वळू शकतो. आता आपण बँकेतून पूर्ण रक्कम पाठवणार आणि बीजकावर निम्मी लिहिणार; हे दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतील. शिवाय वाटेत गाडीचे नुकसान झाले, तर विमा कंपनीपुढे आपल्याकडे निम्म्याच किमतीचा पुरावा उरेल, हे कोणी लक्षात घेत नाही. बीजक खऱ्या रकमेचे करा, त्यावर दोन्ही क्रमांक, इंजिनाची क्षमता आणि साल लिहा, आणि वाहतूक व विमा यांच्या रकमा वेगळ्या दाखवा. बहुतेक देशांत शुल्क वाहतूक आणि विमा धरून आकारतात, अमेरिकेसारख्या काही ठिकाणी ते वगळून. आकडे वेगळे असले की वाद होत नाही.

आता वर्गीकरण. हार्मोनाइज्ड सिस्टिममध्ये सर्वसाधारण मोटारसायकल ८७११ या शीर्षकाखाली येते आणि क्षमतेनुसार तिचे पोटविभाग पडतात. ५०० ते ८०० सीसीसाठी ८७११.४०, म्हणजे आपली ६४६ सीसी तेथे बसेल. याखेरीज ९७०५ हे शीर्षक आहे, ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्राह्य वस्तूंसाठी. अनेक ठिकाणी या शीर्षकाखाली शुल्क पुष्कळ कमी असते. युरोपीय संघात ते शून्य आहे. परंतु ९७०५ ही गाडीच्या वयाबरोबर आपोआप मिळणारी सवलत नाही. युरोपीय न्यायालयाने १९८५ मध्ये एका खटल्यात संग्राह्य वस्तूसाठी चार कसोट्या ठेवल्या: वस्तू तुलनेने दुर्मिळ असावी, तिचा मूळ कामासाठी नेहमीचा वापर होत नसावा, तिची खरेदी-विक्री तशा उपयोगी वस्तूंच्या सामान्य बाजाराबाहेर होत असावी, आणि तिचे मूल्य अधिक असावे. वाहनांच्या बाबतीत तेथे आता किमान ३० वर्षे वय, उत्पादन बंद झालेले मॉडेल, आणि चेसिस, स्टिअरिंग, ब्रेक व इंजिन यांत मोठे फेरफार नसलेली मूळ स्थिती पाहतात. त्या काळाला साजेशी दुरुस्ती चालते, आधुनिकीकरण चालत नाही. म्हणून गाडीला कोणी पुढे डिस्क ब्रेक किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे का, हे आधी विचारा.

एक कानमंत्र असा की, शीर्षकाचा अंदाज बांधून माल जहाजावर चढवू नये. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या तिसऱ्या अनुच्छेदात वर्गीकरणाविषयी आगाऊ निर्णय मागण्याची सोय आहे. आपण कागद आणि छायाचित्रे जोडून आपल्या देशाच्या सीमाशुल्क विभागाकडे लेखी अर्ज करावा. मिळालेले लेखी उत्तर बंदरावर दहा तोंडी आश्वासनांहून अधिक उपयोगी पडते.

वयाच्या अटीबद्दल. आयातीचा नियम, प्रदूषण व सुरक्षिततेचा नियम आणि नोंदणीचा नियम हे तीन वेगळे कायदे असतात आणि त्यांतील वर्षे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. अमेरिकेत सुरक्षिततेच्या मानकांतून सूट मिळायला निर्मितीपासून २५ वर्षे लागतात, तर उत्सर्जनाचे नियम १९७८ पूर्वी बनलेल्या मोटारसायकलींना लागूच नाहीत. कॅनडात १५ वर्षांची मर्यादा आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या दुचाकीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, मात्र तो नियम नोंदणीचा आहे. आयातीची परवानगी त्यातून मिळत नाही. ऑस्ट्रेलियात तर गाडी निघण्यापूर्वीच आयातीची मंजुरी हातात असावी लागते. आपली गाडी १९६० ची असल्यामुळे वयाच्या पायऱ्या ती सहज ओलांडेल, पण वय सिद्ध करणे ही आपली जबाबदारी आहे, आणि त्यासाठी वर सांगितलेला कारखान्याचा दाखला उत्तम.

मालकीबाबत थोडक्यात: मृत व्यक्तीच्या नावावरील वाहन कोणालाही थेट विकता येत नाही. आधी विक्रेतीने वारसा हक्काचा कागद मिळवून नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, इतर वारस असतील तर त्यांचे ना-हरकत पत्र घ्यावे, आणि मगच विक्री आणि कायमच्या निर्यातीची नोंद करावी. यात महिने गेले तर जाऊ द्यावेत. निर्यातीच्या बाजूला काही देश फार काटेकोर असतात. अमेरिकेत वापरलेले वाहन बाहेर पाठवताना मालकीचा मूळ दस्तऐवज आणि वाहन दोन्ही निर्यातीच्या किमान ७२ तास आधी सीमाशुल्क विभागापुढे ठेवावे लागतात. युरोपीय संघात ७५ वर्षांहून जुन्या आणि ५०,००० युरोंहून अधिक किमतीच्या वाहनाला सांस्कृतिक वस्तू म्हणून निर्यात परवाना लागतो. आपली गाडी अजून त्या वयाची नाही, पण येथे युद्धपूर्व काळातील गाड्या शोधणारेही आहेत, म्हणून लिहून ठेवले.

मैलाचा_दगड यांचा प्रतिसाद

कार्नेच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण मी स्वतः त्यावर काही सीमा ओलांडल्या आहेत.

कार्ने द पासाज म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाची हमी. गाडी ज्या देशात नोंदलेली आहे तेथील मोटार संघटना ती देते, आणि गाडी ठरल्या मुदतीत पुन्हा बाहेर गेली नाही तर शुल्क भरले जाईल अशी ग्वाही त्यामागे असते. प्रत्येक सीमेवर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा शिक्का पडतो. बाहेर गेल्याचा शिक्का नसेल तर ती हमी वटवली जाते आणि संघटना ती रक्कम आपल्याकडून वसूल करते. कार्नेवर आणलेली गाडी तेथे विकता येत नाही, आणि ती मुळात आपल्या नावावर नोंदलेली असावी लागते, जी आज नाही. मित्राचा सल्ला प्रवाशासाठी योग्य आहे, खरेदीदारासाठी नाही.

आणि छपराखाली वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी थेट परमुलखातील रस्त्यावर काढू नये, हे मैत्रीच्या नात्याने सांगतो. टायर बाहेरून धडधाकट दिसले तरी रबराचे वय झालेले असते.

जुनं_लोखंड यांचा पूरक प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'सुट्या भागां'चा विषय मी वाहतूकदाराला नियमाच्या क्रमांकासह कळवून बंद केला. त्यानंतर त्यांचे उत्तर आलेले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

विक्रेतीने पेन्सिलीचे ठसे आणि छायाचित्रे पाठवली आहेत. इंजिनाचा क्रमांक 'डीए१०' नेच सुरू होतो, त्यामुळे तेलकट_हात यांचा अंदाज खरा ठरला. परंतु एक नवीन पेच उभा राहिला आहे. इंजिनावर जेथे ३ हा आकडा स्पष्ट दिसतो, तेथे नोंदणी पुस्तिकेत हस्ताक्षरात ८ लिहिलेला आहे. बाकीचे सर्व आकडे जुळतात. बहुधा कोण्या कारकुनाने काजळी साचलेला ३ हा ८ असा वाचला असावा. एवढ्याशा फरकाकडे कोणी लक्ष देईल का? आणि सागरी मार्गाने लाकडी पेटीतून पाठवायचे ठरवले, तर कोणती काळजी घ्यावी?

बंदरकाठ यांचा प्रतिसाद

लक्ष देतील, नक्कीच देतील. तपासनीसाचे काम म्हणजे कागदावरचा आकडा आणि लोखंडावरचा आकडा शेजारी ठेवणे. त्याला बीएसएचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नसते, पण ३ आणि ८ मधला फरक त्याला कळतो. ही चूक दुरुस्त होण्याची जागा म्हणजे ज्या देशाने ती पुस्तिका दिली तो देश, आणि वेळ म्हणजे गाडी तेथे असेपर्यंतच. गाडी एकदा बाहेर पडली आणि नोंद रद्द झाली, की तेथील कार्यालयाला दाखवायला ना गाडी उरते ना चालू नोंद.

सुदैवाने विक्रेतीला वारस म्हणून नाव बदलण्यासाठी त्याच कार्यालयात जायचेच आहे. त्याच अर्जासोबत पेन्सिलीचा ठसा, छायाचित्र आणि कारखान्याचा दाखला जोडून दुरुस्ती मागावी. दाखल्यातही ३ असेल तर अधिकाऱ्याला फारसे बोलायला जागा राहणार नाही. आणि दाखल्यात ८ असेल, तर मात्र थांबा. त्याचा अर्थ इंजिन बदललेले आहे असा होऊ शकतो, आणि मग ती कारकुनाची चूक न राहता गाडीच्या इतिहासाचा प्रश्न होतो. त्या स्थितीत इंजिन कधी बदलले आणि कोठून आले याचा पुरावा मागावा आणि किंमत पुन्हा ठरवावी. म्हणूनच दाखला हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत.

व्यवहाराच्या अटींबाबत एक गोष्ट राहिली होती. घरगुती विक्रेते बहुधा 'माझ्या दारातून घेऊन जा' म्हणतात, म्हणजे इन्कोटर्म्सच्या (आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या ठरावीक अटींच्या) भाषेत एक्स वर्क्स. तसे केल्यास तेथील निर्यातीची सगळी जबाबदारी आपल्यावर येते, आणि परदेशी खरेदीदाराला कित्येक ठिकाणी स्वतःच्या नावाने निर्यात घोषणा करताच येत नाही. त्यापेक्षा एफसीए (फ्री कॅरिअर) ही अट लिहावी. त्यात निर्यातीचे सोपस्कार विक्रेत्याकडे राहतात. विक्रेतीला हे स्वतः करावे लागणार नाही, तेथील एजंटला ती अधिकारपत्र देऊ शकते, आणि त्या एजंटचे शुल्क आपण भरावे हे सौजन्याला धरून होईल.

गंजलेला_नट यांचा प्रतिसाद

पेटीबाबत मी सांगतो, कारण माझी मोटारसायकल जवळपास दोन आठवडे केवळ पेटीमुळे बंदरावर पडून होती. गाडीचे कागद निर्दोष होते. पेटी मात्र साध्या, प्रक्रिया न केलेल्या फळ्यांची निघाली. पॅकिंग करणाऱ्याने शिक्का मारलाच नव्हता आणि मी तो विचारला नव्हता. जागेचे भाडे चढत राहिले, पेटी फोडून त्या फळ्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च वेगळा, आणि उघड्या गाडीला पुढच्या वाहतुकीसाठी नव्याने बांधावे लागले ते निराळेच.

नियम साधा आहे. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅकिंगच्या भरीव लाकडावर किडीविरुद्ध प्रक्रिया झालेली असावी लागते; नेहमीची प्रक्रिया म्हणजे लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सलग ३० मिनिटे तसाच ठेवणे. अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाचा संकेत आणि 'एचटी' अशी अक्षरे असतात. चिन्ह पेटीच्या बाहेरून दिसेल असे असावे, आणि पाठवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र मागवावे. प्लायवूड या नियमातून वगळलेले आहे, पण प्लायवूडच्या पेटीलाही खाली भरीव लाकडाचे ठोकळे असतात. माझा घोटाळा नेमका त्या ठोकळ्यांचाच झाला.

पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करून घ्या, बॅटरीच्या तारा सोडवा. शक्यतो बॅटरी पाठवूच नका, कारण जुन्या आम्लाच्या बॅटरीपायी नवीन कागद मागे लागतो. मोटारसायकल धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३१६६ या क्रमांकाखाली येते, हे वाहतूकदाराला आधीच ठाऊक असावे. मडगार्डच्या आतला चिखल, फिन्समधली माती, सीटखालची जळमटे हे सारे धुऊन काढायला सांगा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारखे देश मातीच्या एका ढेकळासाठीही गाडी अडवतात, आणि इतरत्रही स्वच्छ गाडी तपासायला सोपी जाते. मात्र धुताना जुना रंग आणि टाकीवरची मूळ चिन्हे खरवडली जाणार नाहीत, हे बजावून सांगा.

अ‍ॅस्बेस्टॉसचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. त्या काळातील ब्रेक शू, क्लचच्या प्लेटा आणि गॅस्केट यांत ते सर्रास वापरत. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीपासून त्याची आयात बंद केली आहे आणि जुन्या गाड्यांनाही त्यातून सूट नाही. आपल्या देशाचा नियम तितका कडक नसला, तरी ते ब्रेक शू आपण पुढे स्वतःच्या हातांनी उघडणार आहात. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, आणि शक्य असल्यास हे भाग तेथेच जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावेत. काढलेले जुने भाग आठवण म्हणून पेटीत ठेवू नका. असा मोह मलाही झाला होता.

विम्याच्या बाबतीत 'विमा आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. सीआयएफ (किमतीत विमा आणि वाहतूक धरलेल्या) अटीवर विक्रेत्याने काढायचा विमा किमान पातळीचा, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमधल्या 'सी' प्रकारचा असला तरी चालतो. त्यात जहाज बुडणे, आग लागणे अशा मोठ्या आपत्ती येतात. पेटी क्रेनवरून निसटून आपटली किंवा वाटेत कोणी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग) काढून नेला, तर त्याची भरपाई त्यात नाही. 'ए' प्रकारचा विमा स्वतः काढा, आणि पेटी बंद होण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, टाकीवरच्या आधीच्या पोचांसकट.

तेलकट_हात यांचा प्रतिसाद

वरील सूचनेला पुस्ती. पेटीत गाडी मधल्या स्टँडवर उभी करून बांधू नये. गाडी चाकांवर उभी ठेवावी, पुढचे चाक ठोकळ्यात घट्ट बसवावे, आणि पट्टे हँडलला न लावता पुढच्या फोर्कच्या खालच्या योकला लावून स्प्रिंग अर्धी दबेल इतकेच ताणावे. पूर्ण दाबून बांधलेल्या फोर्कचे ऑइल सील प्रवासात फुटते आणि पेटी उघडताच तेलाचे थारोळे दिसते. तसेच नोंदणी पुस्तिका किंवा इतर कोणताही मूळ कागद पेटीत, सीटखाली किंवा टूलबॉक्समध्ये ठेवायचा नाही. गाडी सोडवून घ्यायला जो कागद लागतो, तोच गाडीबरोबर कुलूपबंद झालेला मी पाहिला आहे.

जुनं_लोखंड यांचा प्रतिसाद

दाखल्यासाठी क्लबकडे आज अर्ज केला, दोन्ही ठसे जोडून. विक्रेतीशीही सविस्तर बोलणे झाले. तिला एक भाऊ आहे आणि त्याची संमती लागेल, हे तिच्याही लक्षात आले नव्हते. तो दुसऱ्या गावी असतो, पण हरकत घेणार नाही असे ती म्हणाली. नाव बदलण्याच्या अर्जासोबतच आकड्याच्या दुरुस्तीचा अर्ज देण्याचे तिने मान्य केले आहे, आणि तोपर्यंत गाडी इतर कोणाला दाखवणार नाही असे लेखी कळवले आहे. बदल्यात मी तिच्या सरकारी शुल्काचा आणि हेलपाट्यांचा खर्च देणार आहे. तो बीजकात धरायचा की वेगळा, हे बंदरकाठ यांनी कृपया सांगावे.

बंदरकाठ यांचा प्रतिसाद

वेगळा लिहा, पण लपवू नका. विक्रीची अट म्हणून आपण विक्रेत्याला जे जे देता ते किमतीचाच भाग मानले जाण्याची शक्यता असते. म्हणून बीजकात गाडीच्या रकमेखाली त्याची स्वतंत्र ओळ असू द्या आणि शुल्काच्या पावत्या सोबत जोडा. ते धरायचे की सोडायचे, हे मग अधिकारी ठरवेल. दाखला आला की त्यातला तो आकडा ३ आहे की ८, तेवढे येथे कळवा.